हिराबाईचा ट्रक आणि माझा नेम

या, असे पुढे सरका. सतरंजी मोकळी आहे, आणि मागे खांबाला टेकून बसलेल्याला कीर्तन अर्धंच मिळतं. महाराजांची गाडी अजून ओतुरातच आहे म्हणे, आणि मृदंगवाला आत्ता कुठे मृदंगाला लावायची कणीक मळायला बसलाय. तेवढ्या वेळात एक गोष्ट सांगतो. गोष्ट आहे ट्रकची. पण ती घडली कीर्तनापायी, म्हणून मांडवात बसून सांगायला हरकत नाही.

सत्तावीस वर्षं झाली. आळेफाट्यावर तेव्हा जिजाबाचं हॉटेल होतं. वर पत्रा, खाली दोन लांब बाकं आणि एक सदा पेटलेला स्टोव्ह. हॉटेलाला लागून माझं गॅरेज. एका बाकावर टाटावाले बसायचे, दुसऱ्यावर लेलँडवाले. एकमेकांच्या पोरांच्या लग्नात वाढायला उभे राहतील, पण एकमेकांच्या बाकावर बसायचे नाहीत.

कुणालाही गाडी घ्यायची झाली की तो आधी त्या बाकांपाशी यायचा. एकदा आमचे डॉक्टर आले.

"फियाट घेऊ का ॲम्बॅसिडर?"

इसाकभाई ड्रायव्हर सगळ्यांत जुना, म्हणून पहिलं त्याने बोलायचं. तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, फियाट म्हणजे नवी सून. ॲम्बॅसिडर म्हणजे सासू. सून चटपटीत असते, सासू अख्खा गोतावळा पोटात घेते. तुमचं कुणाशी पटतं ते तुम्ही बघा."

"माझं दोघींशी पटत नाही," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी स्कूटर घेतली.

ही झाली गंमत. जुनी गाडी विकत घ्यायची म्हटली की मात्र गंमत थांबायची. मग घाटपरीक्षा. गाडीत माल भरायचा, विकणाऱ्याने चालवायची, घेणाऱ्याने शेजारी बसायचं, आणि मधे पंच म्हणून मी. माळशेजचा घाट उतरून परत चढून यायचं. चढावर धूर कुठल्या रंगाचा येतो, उतारावर गिअर सटकतो का, हे बघायचं. परत आल्यावर मी माझा हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवायचो आणि मूठ कानाला लावायचो. डॉक्टर नळी लावतात ना, तसं. आत काय चाललंय ते सगळं ऐकू येतं.

मग निकाल. पण निकाल तोंडाने सांगायचा नाही. फार वर्षांपूर्वी एका पंचाने चारचौघांत सांगितलं की ह्या गाडीचं इंजिन मेलेलं आहे, आणि विकणाऱ्याच्या भावाने त्याचं डोकं फोडलं. तेव्हापासून रीत पडली. पंचाने तोंडाने गाडीची स्तुतीच करायची. "नाव ठेवायला जागा नाही," एवढं म्हणायचं. मग विकणारा पंचाला चहा द्यायचा. पंचाने तो चहा घेतला तर गाडी चांगली. नाही घेतला तर घेणाऱ्याने समजायचं. न घेताना काहीतरी निमित्त सांगायचं: पित्त झालंय, आज उपास आहे, आत्ताच झाला. सगळ्यांना सगळं कळायचं. कुणाचं तोंड काळं व्हायचं नाही आणि कुणाचं डोकंही फुटायचं नाही. अकोल्यापासून जुन्नरपर्यंत गाड्यांतल्या माणसांना ही रीत ठाऊक होती. अकरा वर्षं माझ्या कपाकडे बघून लोकांनी गाड्या घेतल्या. मला त्याचा अभिमान नव्हता असं मी म्हणणार नाही.

तुळशीराम औटी हा माझा दोस्त. टाटाच्या बाकावरचा. त्या वर्षी दिवाळीनंतर त्याला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, डावा हात तेवढा राहिला. सहाचाकी ट्रक दारात उभा. त्याची बायको हिराबाई हिने पाच महिन्यांत तीन ड्रायव्हर ठेवले आणि तिघांनाही हाकलून दिलं.

हिराबाईचं तोंड सांगायला पाहिजे. फाट्यावर अशी बाई दुसरी नव्हती. शिवी द्यायची तर ती एकदा दिलेली परत द्यायची नाही, दर वेळी ताजी. तिसऱ्या ड्रायव्हरने गाडीचे नवे टायर काढून जुने बसवले, तेव्हा हिराबाईने त्याला जिजाबाच्या हॉटेलापुढे उभा करून अशा काही दिल्या, की एसटी थांबवून कंडक्टर ऐकत राहिला. लेलँडच्या बाकावरचा खंडू टायरवाला म्हणायचा, "वहिनींनी टायरला शिवी दिली तर पंक्चर होतं."

त्यांना एकच लेक, छाया. बावीस वर्षांची. ट्रॅक्टरवर हात बसलेली, हलक्या गाडीचं लायसन्सही काढलेलं. हिराबाईने हिशेब असा मांडला होता: ट्रक विकायचा आणि पिकअप घ्यायची. पिकअप छाया चालवेल. गावातले टोमॅटो भरायचे, नारायणगावला टाकायचे, दुपारच्या आत घरी. तुळशीरामकडे बघायला माणूस राहील आणि चूलही पेटती राहील. पिंपळवंडीच्या एका नर्सरीवाल्याची पिकअप तिने बघून ठेवली होती. तो शुक्रवारपर्यंत थांबणार होता. ट्रकला गिऱ्हाईकही आलं होतं, ब्राह्मणवाड्याचा पोपट फापाळे. त्याने दोन ट्रक बघितले होते, एक हिराबाईचा, एक संगमनेरचा.

बाकांवर आठ दिवस दुसरा विषय नव्हता.

"संगमनेरचा रंग नवा आहे," खंडू म्हणाला.

"रंगाला कधी डिझेल भरलंयस का?" इसाकभाई म्हणाला. "तुळशीरामच्या गाडीचे स्प्रिंगचे पाटे बघ. एक पान वाकलेलं नाही. त्याने कधी जास्तीचं पोतं घेतलं नाही."

"गाडी जुनी आहे पण."

"मीपण जुना आहे. विकतोस का मला?"

पोपट फापाळे हे सगळं ऐकायचा आणि हसायचा. मग म्हणायचा, "मला बाकी काही कळत नाही. मिस्त्रींचा कप बघतो नि ठरवतो."

परीक्षा बुधवारी सकाळी ठरली.

आदल्या दिवशी, मंगळवारी, आमच्या हनुमान जयंतीच्या सप्ताहाचा दुसरा दिवस. कीर्तन गहिनीनाथ महाराजांचं. माझं कीर्तनाचं वेड तुम्हाला माहीत आहे. पाय चालत होते तोवर दहा कोसांतलं एक कीर्तन मी सोडलं नाही. पण गहिनीनाथ महाराज वेगळे. आवाज चढवायचे नाहीत. मृदंग थांबवून हळू बोलायचे आणि माणसाच्या पोटात हात घालायचे.

त्या दिवशी म्हणाले, "देवाला फूल वाहता, ते झाडाचं. दूध घालता, ते गाईचं. तुमचं स्वतःचं काय वाहिलंत आजवर? ज्याच्यावाचून तुमची सकाळ होत नाही, असं काहीतरी असेल ना एक? ते इथं ठेवून जा. जन्मभर नको. पुढच्या सप्ताहापर्यंत."

आणि मला काय झालं सांगता येत नाही, डोळे भरून आले आणि मी उभा राहिलो. तेव्हा मी दिवसाला चौदा कप प्यायचो. महाराजांपुढे जाऊन पाया पडलो आणि म्हणालो, "महाराज, चहा ठेवला."

लोक हसले, मग टाळ्या वाजल्या. महाराजांनी बुक्का लावला. माझ्या मागून आणखी दहा-बारा पुरुष उठले. कुणी विडी ठेवली, कुणी तंबाखू. महाराज म्हणाले, "बायकांनी पुढे यायची गरज नाही, जागेवर बसून मनात ठेवा. देवाला ऐकू जातं."

बुधवारचं मला त्या वेळी आठवलंदेखील नाही. खरं सांगतो.

सकाळी ट्रकमध्ये साठ पोती कांदा भरला. विकणाऱ्याने चालवायची, पण तुळशीराम अंथरुणात, म्हणून इसाकभाई बसला. पोपट खिडकीशी, मधे मी. गाडीने घाटरस्ता असा कापला की बोलायलाच नको. चढावर धूर पातळ. दुसऱ्या गिअरात इंजिन एका लयीत ओढत होतं, कुठे दम लागणं नाही. उतारावर गिअर जागचा हलला नाही. परत आलो, स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले. आत सगळं जागच्या जागी.

हिराबाई हॉटेलपाशी उभीच होती. छाया तिच्या मागे.

"नाव ठेवायला जागा नाही," मी म्हणालो.

पोपटने मान हलवली. हे तर सगळेच म्हणतात. तो वाट बघत होता.

हिराबाईने जिजाबाच्या हातून कपबशी घेतली आणि माझ्यापुढे बाकावर ठेवली. आणि तिथे, कपातून वाफ यायला लागल्यावर, मला आठवलं.

मी कपाकडे बघत राहिलो.

"घ्या मिस्त्री," हिराबाई म्हणाली.

"मी चहा सोडलाय," मी म्हणालो.

पोपट उठला. टोपी झटकली, डोक्यावर ठेवली.

"पोपटराव, थांबा," मी म्हणालो, "हे निमित्त नाही. मी खरंच सोडलाय. काल कीर्तनात."

"बरोबर आहे," पोपट म्हणाला. "मागच्या वेळी पारनेरच्या गाडीला पित्त झालं होतं तुम्हाला. त्याच्या आधी एकादशी होती. पंचांगात त्या दिवशी एकादशी नव्हतीच, मी बघितलं होतं."

"अहो, शपथ घेतली ह्याने, हजार माणसापुढे," इसाकभाई म्हणाला. "गाडी सोनं आहे."

"तुम्ही सगळे एका फाट्याचे. तुळशीराम तुमचा दोस्त. तुम्ही वाईट कसं म्हणणार?" पोपट हसला. त्याचा राग नव्हताच. "तोंडाचं सोडा. तो कप आहे समोर. मिस्त्रींनी एक घोट घ्यावा, मी आत्ता ह्या बाकावर व्यवहार करतो."

सगळे माझ्याकडे बघत होते. कप हाताच्या अंतरावर होता. कपाळावरचा बुक्का मी सकाळी अंघोळ करताना पुसू दिला नव्हता. मला वाटलं, एका दिवसात मोडला तर काय तोंडाने मांडवात जाऊ. मला वाटलं, देव बघतोय. आणि असंही वाटलं की इतकी माणसं सांगतायत तर पोपटला पटेल, आत्ता पटेल.

पोपट दहा पावलं गेला. मग रस्ता ओलांडून पलीकडे गेला. मग संगमनेरची एसटी आली आणि तिच्यात तो चढला.

मी मान खाली घातली आणि थांबलो. आता हिराबाई सुरू होईल. खंडूने तर बाक थोडं मागे सरकवलं. जिजाबाने स्टोव्ह बारीक केला.

हिराबाई काही बोलली नाही. तिच्या गळ्याची शीर तटतटली होती, ओठ आतून चावल्यासारखे घट्ट मिटले होते. तिने कप उचलला, तो चहा उभ्या-उभ्या स्वतः पिऊन टाकला, कप बशीत ठेवला आणि छायाला म्हणाली, "चल."

एवढंच. माझ्या अंगावर ओरडली असती तर मी संध्याकाळपर्यंत विसरलो असतो.

संध्याकाळी कीर्तनात मी पुढेच बसलो. महाराजांनी विचारलं, "काल ज्यांनी काही ठेवलं, त्यांनी आज ते उचललं नाही ना? हात वर करा." मी हात वर केला, पण खांद्याच्या वर गेला नाही. सहज बायकांकडे नजर गेली. खूप हात वर होते. त्यांत हिराबाईचाही होता. सरळ, ताठ.

मी मनात म्हटलं, हिने काय ठेवलं असेल? आता हिच्याकडे ठेवण्यासारखं राहिलंय काय?

गुरुवारी पहिल्या एसटीने ब्राह्मणवाड्याला गेलो. वाटेत मी ठरवून टाकलं होतं. पोपटला घेऊन यायचं, जिजाबाच्या हॉटेलात बसायचं, दोन्ही बाकांच्या देखत कप उचलायचा. देव बघून घेईल.

पोपट गोठ्यात होता. मला बघून त्याला खरंच आनंद झाला.

"या, या मिस्त्री. तुमचे उपकार आहेत माझ्यावर. काल संध्याकाळीच संगमनेरच्या ट्रकचा विसार दिला. तुमचा कप नसता तर त्या म्हाताऱ्या गाडीत पडलो असतो मी. सकाळी मारुतीला नारळ फोडला तुमच्या नावाने."

"पोपटराव, ती गाडी चांगली होती."

"तुम्ही चांगलंच म्हणता, मला माहीत आहे ना," पोपट म्हणाला आणि आत हाक मारली, "अगं, मिस्त्रींना दूध दे. चहा घेत नाहीत म्हणे ते." आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला.

दूध प्यायलो आणि परत आलो. शुक्रवारी नर्सरीवाल्याने पिकअप दुसऱ्याला दिली. त्याची काही चूक नव्हती, तो म्हणाल्याप्रमाणे थांबला होता. आणि तोवर फाट्यावरून बातमी सगळीकडे गेली होती: मिस्त्रींनी कप न घेतलेली गाडी. त्या गाडीला आता आमच्या तालुक्यात गिऱ्हाईक मिळणार नव्हतं.

शनिवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. तुळशीराम खाटेवर पडला होता. हिराबाई त्याचे पाय चोळत होती. मी दारातच उभा राहिलो.

"वहिनी, मी सोमवारी बाजारात, सगळ्यांच्या देखत चहा पितो. तुमच्या हातचा. चार गावं बघतील. गाडीवरचा डाग जाईल."

हिराबाईने वर बघितलं नाही. "नको."

"का?"

"देवापुढं ठेवलंय ना? मग उचलायचं नाही." तिने त्याचा दुसरा पाय मांडीवर घेतला. मग म्हणाली, "मीपण उचललेलं नाही. तुम्हीपण उचलू नका. आणि आता प्यायलात तरी कोण खरं मानणार? म्हणतील, दोस्ताच्या बायकोची दया आली."

ते बरोबर होतं. मला ते सुचलं नव्हतं.

"मग मी काय करू?"

"छायाला घाट शिकवा. भरल्या गाडीने."

"ट्रक?"

"मग काय खाट? पिकअप ती चालवणारच होती. आता पिकअप नाही. दारात ट्रक आहे."

छाया आतून दारात आली. मी तिच्याकडे बघितलं, तिच्या मनगटांकडे बघितलं. नऊ टनाची गाडी, माळशेजची वळणं. मी म्हणालो, "पोरी, हा ट्रॅक्टर नाही."

"माहीत आहे काका. ट्रॅक्टरला तुम्ही कप लावत नाही," ती म्हणाली. आईचं थोडंसं पोरीत आलं होतं.

तेवढ्यात तुळशीरामच्या घशातून आवाज आला. आम्ही वळलो. त्याने डावा हात उचलला होता. गिअरचा हात तोच ना ड्रायव्हरचा. हवेत मूठ धरली, आधी अलीकडे, मग खाली ओढली. दुसरा गिअर. परत एकदा करून दाखवलं, आणि छायाकडे बघितलं.

"हो अप्पा," ती म्हणाली. "दुसऱ्यातच उतरीन."

मोठ्या गाडीचं शिकाऊ लायसन्स काढलं. मी गॅरेज अर्धा दिवस बंद ठेवू लागलो. पंधरा दिवस रिकामी गाडी, मग अर्धी भरलेली. एकच धडा दिला मी तिला: ज्या गिअरात घाट चढशील त्याच गिअरात उतर, ब्रेकवर जीव टाकू नकोस. बाकी तिचं तिने शिकून घेतलं.

क्लीनर मिळेना. बाईच्या हाताखाली कोण काम करणार? तिघांना विचारलं, तिघे हसले. मग हिराबाई स्वतः चढली. लुगड्याचा काचा मारला, चाकामागे लावायचा लाकडी ठोकळा हातात घेतला, आणि डाव्या दाराशी बसली. तुळशीरामपाशी थांबायला इसाकभाईची म्हातारी यायला लागली. ती दिवसभर त्याला बाकांवरच्या भानगडी सांगायची आणि तो डाव्या हाताने मांडीवर ताल धरायचा.

पहिली पूर्ण भरलेली खेप वैशाखात गेली. कल्याणच्या मार्केटला टोमॅटो. घाटमाथ्यावर गाडी थांबवली, हिराबाईने उतरून चारही बाजूंनी हात फिरवला, आणि आम्ही उतरायला लागलो. पुढे एक ट्रक होता, त्याच्या ब्रेकचा जळका वास आमच्या केबिनमध्ये येत होता. छायाने अंतर ठेवलं. दुसरा गिअर, पाय ब्रेकच्या वर, टेकवलेला नाही. मागून एका जीपवाल्याने हॉर्न वाजवून डोकं उठवलं होतं. तिसऱ्या वळणावर तो पुढे घुसला, खिडकीतून मान काढली आणि ओरडला, "चूल पेटव घरी जाऊन."

मी हिराबाईकडे बघितलं. अशा माणसाच्या सात पिढ्यांची वाट तिने एका श्वासात लावली असती. तिने डोळे मिटले आणि जोरजोरात "राम कृष्ण हरी, राम कृष्ण हरी" सुरू केलं. घाट संपेपर्यंत थांबली नाही. मला वाटलं, घाबरली. मग वाटलं, सप्ताहाने बाई पालटली. मी मनातल्या मनात तिला हात जोडले.

सहा महिने मी त्यांच्याबरोबर जात राहिलो. नंतर छायाचं पक्कं लायसन्स झालं आणि माय-लेकी दोघीच जायला लागल्या. पहाटे अडीचला निघायच्या, संध्याकाळी यायच्या. पिकअप असती तर दुपारी घरी असत्या, हे मला रोज दुपारी आठवायचं. हिराबाईचा उजवा गुडघा त्या उतरण्या-चढण्याने कायमचा दुखावला. फाट्यावर मी पंच राहिलो, पण कप नसलेला पंच. लोक विचारायचे, "मिस्त्री, आता कळायचं कसं?" मग मला तोंडाने सांगावं लागायचं. दोघांना स्पष्ट म्हणालो की ही गाडी घेऊ नका. एकाच्या विकणाऱ्याने माझ्याशी आजतागायत बोलणं टाकलंय.

हिराबाई मला भेटायची, "ग्रीस संपलं," "पट्टा बघा," एवढं बोलायची. माझ्यावर तिने वर्षभरात आवाज चढवला नाही. मी समजत होतो की तिने मला माफ केलं. ते मला फार जड जात होतं, पण तसं मी समजत होतो.

पुढच्या वर्षीचा सप्ताह आला. गहिनीनाथ महाराज पुन्हा दुसऱ्या दिवशी उभे राहिले. ज्यांचं वर्ष पुरं झालं त्यांना त्यांनी नारळ दिले. मी पुढे जाऊन घेतला. बायकांना जागेवर वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिजाबाच्या हॉटेलात बसलो होतो. दोन्ही बाकं भरलेली. हिराबाईचा ट्रक आला, छायाने तो बरोब्बर हॉटेलापुढे उभा केला. इंजिन चालूच. हिराबाई डाव्या दाराने उतरली, लंगडत चाकामागे ठोकळा लावला, पदर खोचला आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"दशरथ मिस्त्री," ती म्हणाली. वर्षभर ती मला 'तुम्ही' म्हणत आली होती. "तुझा मुडदा बशिवला. तुझ्या त्या स्क्रूड्रायव्हरला गंज चढो आणि तुझ्या कानात वारूळ होवो. सटवी तुझ्या कपाळावर लिहायला बसली तेव्हा तिची शाई संपली होती का रे, म्हणून तिथं बुक्का फासून हिंडतोस? माझा नवरा खाटेवर, माझी पोर उंबऱ्यात, माझी पिकअप दारापर्यंत आलेली, आणि तू त्या कपाकडं असा बघत होतास जसा काही त्यात नाग बसलाय. देवाला काय घशाला कोरड पडली होती, तुझा चहा मागायला?"

ही सुरुवात झाली. पुढचं मांडवात सांगण्यासारखं नाही. माझे आजोबा आले त्यात, माझा बैल आला, लहानपणी आलेल्या माझ्या देवी आल्या. एकही शिवी दोनदा नव्हती. रस्त्यावरची एसटी थांबली. पाव घंटा तरी झाला असेल. मी उठलो नाही, मान खाली घातली नाही, तिच्याकडे बघत सगळं ऐकलं.

शेवटी ती थांबली. छाती वरखाली होत होती. घाम पुसला.

इसाकभाईने हळूच विचारलं, "वहिनी, आज एकदम काय झालं?"

"एकदम कुठलं? वर्षाचं आहे," हिराबाई म्हणाली. "ह्याने चहा ठेवला त्या दिवशी मी शिव्या ठेवल्या होत्या. माझी सकाळ त्याच्यावाचून होत नव्हती. बारा तास झाले नाहीत तर देवानं हा माणूस पुढ्यात आणून उभा केला." ती माझ्याकडे वळली. "त्या सकाळी माझ्या तोंडात काय काय आलं होतं ते त्याला एकट्याला ठाऊक. एक एक गिळली. घाटात गिळली. मार्केटात गिळली. काल नारळ मिळाला, आज मोकळी झाले."

कुणी हसलं नाही. मला वाटतं, सगळ्यांना हसायचं होतं.

मी उठलो, तिच्या पायाशी वाकलो. ती मागे सरकली.

"पाया पडू नका भावजी. शुक्रवारी पट्टा बदलून ठेवा, आवाज येतोय," ती म्हणाली. ठोकळा काढला, वर चढली, दाराच्या पत्र्यावर दोनदा हात मारला, आणि छायाने गाडी काढली.

छायाच्या आता स्वतःच्या चार गाड्या आहेत, ओतूरच्या पुढे शेड आहे. तुळशीराम त्यानंतर नऊ वर्षं होता. हिराबाई गेली त्याला येत्या कार्तिकात दोन वर्षं होतील.

ते बघा, दिवे दिसतायत, महाराज आले. आता उभं राहायचं, टाळ्या वाजवायच्या. माझं एक ऐका: पहिलं भजन सुरू होईल तेव्हा एक टाळी हिराबाई औटीच्या नावाने वाजवा. जोरात वाजवा. हळू वाजवलेलं तिला आवडायचं नाही.